विश्वास, आजारपण आणि रोजचे मनन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत दोन अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या. रोजचे मनन टिकत नाही, आणि घरात आजारपण आले की शास्त्र कसे वाचावे ते कळेनासे होते. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून प्रश्न एकत्र घेतले. उत्तरांत संदर्भ दिले आहेत. वाचताना बायबल शेजारी उघडे असू द्या.

प्रश्न: दर वर्षी १ जानेवारीला उत्पत्तीपासून वाचायला घेते. निर्गमाच्या अर्ध्यापर्यंत बरे चालते, लेवीयात गाडी अडते आणि बायबल परत कपाटात जाते. रोज वीसच मिनिटे मिळतात. मनन नेमके करायचे कसे?

उत्तर: आधी हिशेब पाहू. ६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय होतात. वीस मिनिटांत तेवढे डोळ्यांखालून जाईल, मनात उतरणार नाही. भराभर वाचन आणि मनन ही दोन वेगळी कामे आहेत, आणि तुमच्या वीस मिनिटांत एकच मावते. वर्षाची योजना हवीच असेल तर नवा करार घ्या. त्यात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय घेतला तर ५२ आठवड्यांत तो पुरा होतो आणि चुकलेल्या दिवसांसाठी दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. मननाची सुरुवात मात्र मार्कापासून करा. १६ अध्यायांचे हे शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे, प्रसंग आटोपशीर आहेत आणि बरे करण्याच्या घटना त्यात भरपूर आहेत.

एका वेळी एकच प्रसंग घ्या, साधारण ६ ते १५ वचनांचा. अध्याय संपला म्हणून थांबू नका आणि संपला नाही म्हणून रेटू नका. आजची अध्यायांची विभागणी १३व्या शतकातली आहे. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली दिले. हे आकडे जागा सापडावी म्हणून आहेत, विचार कुठे तुटतो हे ते दर वेळी सांगत नाहीत.

वीस मिनिटे अशी वाटा. पहिली दोन शांत बसण्यात जाऊ द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल फोनवरच वाचत असाल तर निदान इंटरनेट बंद करा. पुढच्या तीन मिनिटांत प्रसंग मोठ्याने वाचा. ओठ हलले की डोळे ओळी गाळत नाहीत. मग पाच मिनिटे पेन्सिल घेऊन तोच भाग पुन्हा वाचा: कोण बोलतो, कोण काय करतो, कोणत्या क्रमाने, आणि याच्या अगदी आधी काय घडले. त्यानंतर पाच मिनिटांत वहीत तीन ओळी लिहा. एक, इथे प्रभू कसा दिसतो. दोन, इथली माणसे कशी दिसतात. तीन, आज संध्याकाळपर्यंत मी काय करणार. उरलेली पाच मिनिटे प्रार्थनेला द्या आणि ती त्याच प्रसंगातल्या शब्दांनी सुरू करा. १२व्या शतकातला कार्थुसी (एका ख्रिस्ती संन्यासी संघाचा) मठवासी गीगो दुसरा याने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर स्तब्ध राहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. हा क्रम त्याच वाटेचा आहे.

उदाहरणाला मार्क १:४०-४५ घ्या. कुष्ठरोगी म्हणतो, आपली इच्छा असेल तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. त्याला सामर्थ्याची शंका नाही, इच्छेची आहे. येशू आधी त्याला स्पर्श करतो आणि मग बोलतो. ज्याच्या जवळ कोणी यायचे नाही त्याला बरे होण्याआधीच हात लागतो. मग येशू त्याला याजकाकडे पाठवतो आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावतो. तो मात्र सगळीकडे सांगत सुटतो. त्याचा परिणाम शेवटच्या वचनात आहे: गावाबाहेर राहणारा माणूस आत गेला आणि येशूला बाहेर अरण्यात राहावे लागले. एवढे दिसायला दोन वाचने लागतात, घाईत ते निसटते.

बिघडते ते बहुधा तिसऱ्या ओळीत. ‘मी अधिक प्रेमळ व्हायला हवे’ असे लिहिले की काहीच होत नाही. ‘ज्या शेजाऱ्याशी बोलणे टाकले आहे त्यांची आज चौकशी करीन’ असे लिहिले की संध्याकाळी ते झाले की नाही हे कळते. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. थकबाकी फेडायला लागले की आठवडाभरात मनन बंद पडते. जिथे होतात तिथून पुढे जा.

प्रश्न: पहाटेच केले पाहिजे का? मी रात्रपाळी करतो.

उत्तर: नाही. येशू पहाटे अंधारातच प्रार्थनेला गेला (मार्क १:३५), इसहाक संध्याकाळी मनन करायला शेतात गेला (उत्पत्ती २४:६३), दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकी (दानीएल ६:१०) आणि ६३व्या स्तोत्राचा कर्ता अंथरुणात रात्रीच्या प्रहरी देवाचे चिंतन करतो. पाळी संपून झोपण्याआधीची वेळ धरा, पण रोज तीच आणि त्याच जागी. पाळी बदलली तर नवी वेळ त्याच दिवशी ठरवून टाका.

प्रश्न: आईला दोन वर्षे दुखणे आहे. प्रार्थना थांबलेली नाही. भेटायला येणारे काही जण तिच्यासमोरच म्हणतात, “विश्वास कमी पडतोय,” किंवा “घरात काही पाप असेल.” ती आता प्रार्थनेलाच घाबरते. शास्त्र खरेच असे सांगते का?

उत्तर: असे बोलणाऱ्यांकडे वचने असतात, म्हणून आधी तीच पाहू. बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीला येशू म्हणाला, “मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे” (मार्क ५:३४). आंधळ्या बार्तीमयालाही तो असेच म्हणाला (मार्क १०:५२). नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे त्याने थोड्याच रोग्यांना बरे केले (मार्क ६:५-६). ही वचने खरी आहेत. येशूने विश्वासाला मोल दिले आहे आणि ते कमी करून सांगायची गरज नाही.

पण यांच्या शेजारी बाकीचे प्रसंग मांडून बघा. नाईन गावच्या विधवेने काही मागितलेच नव्हते. येशूला तिचा कळवळा आला आणि त्याने तिचा मुलगा उठवला (लूक ७:११-१५). बेथेसदा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेही ठाऊक नव्हते (योहान ५:१३). पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशूने त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो (२:५). ज्याचा कान तोडला गेला तो मल्ख तर येशूला धरायला आलेल्या टोळीतला होता, आणि येशूने त्याचा कान बरा केला (लूक २२:५१, योहान १८:१०). आणि तो बाप, ज्याने ओरडून म्हटले, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका” (मार्क ९:२४)! त्याचा मुलगा बरा झाला. या सगळ्यांतून एक सूत्र काढताच येत नाही. अमुक इतका विश्वास घातला की तितके आरोग्य मिळेल, असा हिशेब शुभवर्तमानात कुठे बसत नाही.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. त्या मुलाच्याच घटनेत विश्वास कमी म्हणून दोष कोणाला मिळाला? ज्यांना त्याला बरे करता आले नाही त्या शिष्यांना (मत्तय १७:२०). आजारी मुलाला नाही. आपल्याकडे आलेल्या एकाही रोग्याला ‘तुझा विश्वास अपुरा आहे, परत जा’ असे येशूने म्हटल्याचे चारही शुभवर्तमानांत सापडत नाही. नासरेथातही दोष येतो तो त्याला नाकारणाऱ्या गावकऱ्यांवर.

पापाविषयी. काही ठिकाणी पाप आणि आजार यांचा संबंध आहे, मोशेविरुद्ध बोलल्यावर मिर्यामला कुष्ठ झाले तो प्रसंग (गणना १२) तसाच आहे. तरी जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी “कोणी पाप केले?” असे विचारले तेव्हा येशूने याने नाही, याच्या आईबापांनीही नाही, असे स्पष्ट सांगितले (योहान ९:३). ईयोबाच्या मित्रांनी अध्यायच्या अध्याय त्याला पापी ठरवण्यात घालवले आणि शेवटी देवाचा क्रोध त्या मित्रांवर पेटला (ईयोब ४२:७). समाचाराला आलेल्या माणसाला निदान करण्याचा अधिकार शास्त्र देत नाही.

मग बरे न झालेले विश्वासणारे? तेही पानोपानी आहेत. पौलाने ज्या त्रासाला ‘शरीरातला काटा’ म्हटले त्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आले, “माझी कृपा तुला पुरेशी आहे” (२ करिंथ १२:८-९). त्याने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याचे दुखणे वारंवार येई (१ तीमथ्य ५:२३). कुष्ठरोगी नामानाला बरे होण्यासाठी यार्देनेत सात बुड्या मारायला सांगणारा संदेष्टा अलीशा स्वतः दुखण्याने मरण पावला (२ राजे १३:१४). यांच्या विश्वासात खोट होती असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

आईसाठी आता एवढे करा. पाहुण्यांना दारातच सांगा: पाच मिनिटे बसा, एक स्तोत्र वाचा, लहान प्रार्थना करा, उपदेश नको. हे सांगणे उद्धटपणाचे नाही. तिच्याबरोबर प्रार्थना करताना आरोग्य सरळ मागा, आडवळण नको. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे जोडले तर विश्वास कमी ठरतो, अशी शिकवण हल्ली ऐकू येते. गेथशेमानेत खुद्द येशूने तसेच म्हटले. आणि तीच विनंती पुन्हा करायला संकोचू नका, त्यानेही ती तीनदा केली (मत्तय २६:४४).

प्रश्न: प्रार्थनासभेत बरे झाल्याचे सांगितल्यावर माझ्या भावाने फिटच्या गोळ्या बंद केल्या. आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला, असे तो म्हणतो.

उत्तर: आजच त्याच्या डॉक्टरांशी बोला, हे उत्तर वाचून संपण्याआधी फोन केला तरी चालेल. फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या की झटके पूर्वीपेक्षा जोरात आणि लागोपाठ येऊ शकतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. इन्सुलिन, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या यांचेही तसेच आहे: एकदम बंद करणे घातक. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

आसाविषयीचे वचन २ इतिहास १६:१२ आहे. कारकिर्दीच्या ३९व्या वर्षी त्याच्या पायांना रोग जडला आणि तेव्हाही तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांना शरण गेला. भर ‘परमेश्वराला शरण न जाता’ यावर आहे. त्याच अध्यायात आधी त्याने संकटात परमेश्वराऐवजी अरामाच्या राजावर भरवसा टाकला आणि दोष दाखवणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात घातले. लेखक त्या हट्टाचा शेवट सांगतो आहे. वैद्यकी पाप असती तर हिज्कीया राजाची गोष्ट लिहिलीच गेली नसती. देवाने यशया संदेष्ट्याकरवी त्याच्या आयुष्यात १५ वर्षे वाढवण्याचे वचन दिले आणि त्याच यशयाने अंजिरांची ढेप गळवावर बांधायला सांगितली (२ राजे २०:५-७). वचनही देवाचे, पोटीसही त्याच संदेष्ट्याच्या सांगण्याने. पौल लूकाला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो (कलस्सै ४:१४). रोग्याला वैद्याची गरज असते, हे येशूचेच बोलणे आहे (मत्तय ९:१२).

भावाला दाखवण्यासारखा सर्वांत उपयोगी भाग मार्क १:४४ आहे. बरे झालेल्या कुष्ठरोग्याला येशू तपासणीसाठी याजकाकडे पाठवतो. लेवीय १३ आणि १४ मध्ये ती तपासणी सविस्तर आहे: चट्ट्याचा रंग, त्यावरचे केस, सात दिवस वेगळे ठेवणे, पुन्हा पाहणे, लागल्यास आणखी सात दिवस. दोन्ही अध्याय त्याच्याबरोबर सावकाश वाचा. येशूने दिलेले आरोग्य तपासणीला घाबरत नव्हते. आपण बरे झालो अशी भावाची खात्री असेल तर गोळ्या चालू ठेवून तपासण्या करून घ्याव्यात. कमी करायच्या की नाहीत, किती आणि किती आठवड्यांत, हे डॉक्टर ठरवतील. त्यात अविश्वास नाही.

प्रश्न: ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.’ हे वचन शरीराच्या आजाराला लागू होते की नाही? आमच्या अभ्यासगटात यावरून वाद झाला.

उत्तर: वचन यशया ५३:५ चे आहे. एवढेच वाचून ठरवू नका. देवाच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाची ही कविता ५२:१३ ला सुरू होते आणि ५३:१२ ला संपते, अध्याय मध्येच तुटला आहे. पंधरा वचने सलग वाचली तर अपराध, दुष्कर्म, पापाचा भार हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. मग नवा करार या भागाचा वापर कुठे करतो ते पाहा. मत्तय ८:१६-१७ मध्ये त्यातले चौथे वचन येते आणि तिथे विषय सरळ शारीरिक रोगांचा आहे. १ पेत्र २:२४ मध्ये पाचवे वचन येते आणि तिथे विषय पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याचा आहे. म्हणजे गटातल्या दोन्ही बाजूंकडे आधार आहे.

न सुटणारा वाद येतो तो ‘केव्हा’ यावर. काही मंडळ्या शिकवतात की वधस्तंभावर मिळालेले आरोग्य प्रत्येक विश्वासणाऱ्याने आजच हक्काने घ्यावे. इतर मंडळ्या रोम ८:२३ पुढे करतात. तिथे पौल म्हणतो की आत्म्याचे प्रथमफळ मिळालेले आपणही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हतो. आम्हाला हे दुसरे वाचन अधिक खरे वाटते. पौल, तीमथ्य आणि त्रफिम यांचे आजार त्यात बसतात, पहिल्यात बसत नाहीत. देव आजही बरे करतो, हे त्यामुळे नाकारले जात नाही. ती देणगी म्हणून मागायची, वसुली म्हणून नाही.

गटासाठी एक रीत सुचवतो. वादाचे वचन आले की प्रत्येकाने आधीची आणि नंतरची दहा वचने वाचावीत, तळटिपेतले संदर्भ उघडावेत आणि मगच बोलावे. तळटिपा गाळू नका. योहान ५:४ (तळ्यातले पाणी हलवणारा देवदूत) आणि मार्क १६:९-२० हे भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांत ते कंसात किंवा टीप देऊन छापतात. आजाऱ्यांवर हात ठेवण्याचे आश्वासन या दुसऱ्या भागातले आहे. केवळ त्यावर मोठी शिकवण उभारताना हे माहीत असलेले बरे.

प्रश्न: रोज वचनपेटीतली एक चिठ्ठी काढतो. ते मनन धरता येईल का?

उत्तर: चिठ्ठी ही सुरुवात होऊ शकते, तिच्यावर थांबू नका. संदर्भ शोधून पूर्ण परिच्छेद वाचा. यिर्मया २९:११ मधले ‘हिताचे संकल्प’ बहुतेक पेट्यांत असतात. हे वचन यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीचे वचन सांगते की बाबेलात ७० वर्षे भरल्यावर हे होईल. पाचव्या वचनात तोवर घरे बांधा, मळे लावा असे सांगितले आहे. चिठ्ठीतून घाईचे आश्वासन मिळते. पत्रातून दीर्घ धीर मिळतो, आणि आजारपणात दुसऱ्याचीच गरज जास्त पडते.

प्रश्न: याकोब ५:१४ प्रमाणे आजाऱ्याला तेल कोणी लावायचे? कोणते तेल? प्रार्थना केलेले तेल बाटलीत मिळते, ते घ्यावे का?

उत्तर: याकोबाचा क्रम असा आहे. आजाऱ्याने स्वतः बोलावणे धाडावे. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांनी, यावे. ‘वडील’ अनेकवचनी आहे, एकट्या चमत्कारी माणसाचे नाव नाही. त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावावे आणि प्रार्थना करावी. सोळाव्या वचनात एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितले आहे, म्हणजे आलेल्यांनीही. तेलाचा प्रकार याकोब सांगत नाही. त्या काळी त्या प्रदेशात ते जैतुनाचे असे. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक किंवा वडील साधे खायचे तेल बोटाला घेऊन कपाळाला लावतात. कॅथलिक मंडळीत हा संस्कार आहे आणि तो धर्मगुरूच देतात. तेल सहसा बिशपांनी आशीर्वादित केलेले असते, आणि १९७२ पासून जैतुनाऐवजी दुसरे वनस्पती-तेल वापरण्याची मुभा आहे. मरण जवळ येईपर्यंत थांबायचे कारण नाही. गंभीर आजार किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तेव्हा बोलवावे.

थेंबभर पुरते. उघड्या जखमेवर, टाक्यांवर किंवा डोळ्यांत तेल घालू नका, प्यायला देऊ नका. बाटली विकत घेऊ नका. याकोब गुण प्रार्थनेचा सांगतो, आणि उठवणारा प्रभू. मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळी सर्प (गणना २१:८-९) पुढे लोक धूप जाळून पुजू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४).

प्रश्न: केमोथेरपी चालू आहे. दोन ओळी वाचल्या की डोके गरगरते, प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत. मनन सोडून दिल्यासारखे झाले आहे.

उत्तर: तुमच्यासाठी वरची वीस मिनिटांची रीत नाही, ती बाजूला ठेवा. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले (१ राजे १९:४-८). देवाची भेट त्यानंतरची आहे. झोप आणि पोटात जाणारे अन्न ही तुमची सध्याची शिस्त माना.

जमेल तेव्हा १३वे स्तोत्र घ्या. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत तक्रार आहे: हे परमेश्वरा, कुठवर? पुढच्या दोनांत मागणे आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. एका दिवशी दोनच वचने पुरेत. तक्रारीच्या दिवशी तक्रारीवर थांबलात तरी तुम्ही शास्त्राच्या आतच आहात. ८८वे स्तोत्र तर शेवटच्या वचनापर्यंत अंधारातच राहते, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेले आहे. शब्द सापडत नसतील तर रोम ८:२६ तुमच्याचसाठी आहे: आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनंती करतो.

वाचवत नसेल तर ऐका. ध्वनिमुद्रित बायबल हळू वेगावर लावा, एक स्तोत्र, बस. किंवा घरच्या कोणाला वाचायला सांगा. त्यांनी आधी विचारावे, “आता वाचू का?” नको म्हटलात तर तो विषय तिथेच सोडावा. वाचल्यावर अर्थ समजावू नये. ६, १३, ३०, ४१, १०३ ही स्तोत्रे तीन-चार मिनिटांत होतात. उलटीचा त्रास असेल त्या दिवशी १३१वे, त्यात तीनच वचने आहेत. आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार दोन-चार दिवस टिकले तर ते तुमच्या डॉक्टरांना आणि पाळकांना, दोघांनाही, त्याच शब्दांत सांगा.